कडब्याच्या गाडीएवढी उंची

माळवस्ती, ता. वडवणी
१४ जुलै

चि. तेजश्रीस आश्रुबाकाकाचे आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि मध्येच कुणीतरी साहेब येतो. कागदाला हं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र. सगळं वाच आणि मग उत्तर दे.

आपल्या वस्तीला कुलूप लागलं आहे. चेष्टा करत नाही. रेल्वेचा भराव झाल्यापासून गाव तिकडं आणि आपण इकडं, डोंगराच्या कुशीत, हे तुला ठाऊकच आहे. मधून जायला भरावाखालून बोगदा दिलाय. उन्हाळ्यात तो बोगदा असतो, पावसाळ्यात विहीर असते. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही रुळाच्या कडेचा जो मुरमाचा रस्ता आहे ना, यंत्रं आणि कामगार न्यायला केलेला, त्या रस्त्यानं जात होतो. तिथून गेलं की डांबरी सडक लागते आणि सडकेनं गाव. दूध, दवाखाना, बाजार, सगळं त्याच रस्त्यानं चालायचं. मागच्या महिन्यात सडकेच्या टोकाला लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला हे एवढं कुलूप. पाटी लावली, हा रस्ता सार्वजनिक नाही.

रस्ता माझ्या वावरातून गेलाय. भूसंपादनाचे पैसे मिळाले, नाही म्हणत नाही, पण मोजणीला आलेल्या माणसानं तोंडानं सांगितलं होतं की कडेचा रस्ता तुमचाच. आता तो माणूस कुठं गेला देव जाणे.

तुझ्या रेल्वे खात्यात हा हुकूम काढणारा कोण शहाणा आहे त्याचं नाव मला कळव. तू तिकडं नगरला पुलांची कामं बघतेस, तुझ्या ओळखी असतील. तू इंजिनिअर झालीस तेव्हा मी गावभर पेढे वाटले, ते परत मागायची वेळ आणू नकोस.

गावचे पुढारी विजयसिंह दादा, त्यांनी मात्र शब्द दिलाय की रस्ता खुला करून देतो. एवढा मोठा माणूस स्वतः वस्तीवर आला, ओट्यावर बसून चहा प्याला. आपल्या वस्तीवरच्या सिदूची पण चौकशी केली. तो बाभळीवरून पडला, हात मोडलाय त्याचा.

तुझा काका,
आश्रुबा


अहिल्यानगर
२२ जुलै

ती. काकांस सा. नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. हं म्हटलं नाही.

काका, रागावू नका, पण तो रस्ता खरंच सार्वजनिक नसतो. रुळाला काही झालं तर यंत्रं पोचावीत, अपघात झाला तर मदतीची गाडी जावी, यासाठी तो असतो. रुंदीला कमी, कडेला कठडा नाही, आणि एका बाजूला भरावाचा उतार. आता गाड्या सुरू व्हायची वेळ आली आहे. वेगाची चाचणी होईल तेव्हा त्या रस्त्यावर गुरं-माणसं असणं बरं नाही. शिवाय तुमच्या वस्तीच्या माणसांशिवाय आणखीही काही वाहनं तिथून जात होती. त्यांचं वजन त्या रस्त्याला झेपणारं नव्हतं.

हुकूम कुणी काढला ते विचारून काय करणार? असे निर्णय एका माणसाचे नसतात. बोगद्यातलं पाणी काढायला पंप बसवावा म्हणून मी इथून पाठपुरावा करते आहे. तोवर पाणी असताना बोगद्यातून जाऊ नका, कृपा करा.

काकूचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, शेंगदाण्याची चटणी संपली. आणि विजयसिंहांच्या शब्दावर फार विसंबू नका. कारण विचारू नका.

तुमची,
तेजश्री


माळवस्ती
१ ऑगस्ट

चि. तेजश्री,
आशीर्वाद.

कारण विचारू नका, नाव विचारू नका. मग मी विचारू तरी काय? हवापाणी?

पंप म्हणे. पंप आला. कंत्राटदाराच्या माणसानं बोगद्याच्या तोंडाशी आणून ठेवला आणि निघून गेला. चालवणार कोण, डिझेल कुणाचं, काही पत्ता नाही. आता त्याच्यावर कोंबड्या बसतात. पाणी कमरेएवढं आहे. तरी त्यातून जावंच लागतं, नाहीतर दूध सांडून द्यायचं का? तुझ्या काकूचा पाय बोगद्यात घसरला आणि मुरगळला. लेप लावलाय. बरी आहे, काळजी करू नकोस.

मला आश्चर्य वाटतं ते तुझं. तुझे आईबाप दर दिवाळीनंतर उसाला जायचे, तू आमच्याजवळ राहायचीस. शाळेला जायची वाट हीच होती. तेव्हा भराव नव्हता, नुसती गाडवाट होती. मी तुला गाडीच्या साटीवर बसवून न्यायचो आणि कडब्याचं ओझं असलं की तू वर चढून बसायचीस, उतरायला तयार नसायचीस. तीच तू आज मला लिहितेस की रस्ता सार्वजनिक नाही. 

असो. आता खरी बातमी ऐक. पोळ्याला आपण रस्ता मोकळा करणार आहोत. विजयसिंह दादांनी ठरवलंय, वस्तीची सगळी बैलं थेट भरावावर चढवायची, रूळ ओलांडायचे आणि पलीकडं गावाच्या वेशीत उतरायचं. पेपरवाले येणार आहेत, टीव्हीवाले पण. आणि यंदा मानाचा बैल त्यांचा नाही, माझा. माझा पाखऱ्या पहिला वेशीतल्या तोरणाखालून जाणार, त्यानंतर पोळा फुटणार. तुला माहीत आहे, वस्तीची बैलं पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या मागं उभी राहतात. गावाची बैलं जाऊन धूळ बसली की आपण. माझ्या बापानं एकदा मान मागितला होता तर हसले होते लोक.

पाखऱ्याच्या शिंगांना हिंगूळ आणलाय. नवी झूल शिवायला टाकली आहे.

आश्रुबा


अहिल्यानगर
९ ऑगस्ट

ती. काका,

हे पत्र वाचायच्या आधी खाली बसा.

पोळ्याच्या दिवशी आपल्या टप्प्यात वेगाची चाचणी आहे. नुसतं इंजिन आणि दोन डबे, पण ज्या वेगानं ते येईल त्या वेगानं आजवर त्या रुळावर काही धावलेलं नाही. वळणावर दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. तारीख बदलून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बैलं रुळावर न्यायची नाहीत. मी विनंती करत नाही, सांगते आहे.

आणि तुम्ही नाव विचारलं होतं. फाटकाच्या कागदावर सही माझी आहे. मे महिन्यापासून नगर ते वडवणी सगळा टप्पा माझ्याकडे आहे. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असता, तेजे, तेवढं बघ.

फाटक लावलं यात मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या पहाटे मुरमानं भरलेला एक हायवा, म्हणजे मोठा डंपर, त्या रस्त्यानं चालला होता. पुलाजवळ रस्त्याची कड खचली आणि हायवा उतारावर कलंडला. आणखी थोडा कलला असता तर रुळावर आला असता. हायवावर क्लीनर म्हणून सिदू होता. तो बाभळीवरून पडला नाही काका. त्याला तसं सांगायला लावलं. हायवा कुणाचा, हे तुम्ही सिदूलाच विचारा. दोन महिने रोज पहाटे ते डोंगराचा मुरूम याच रस्त्यानं नेत होते. फाटक तुमच्यासाठी नव्हतं, त्या हायवांसाठी होतं. आता ज्यांचे हायवा अडले त्यांनाच रस्ता मोकळा हवा आहे, आणि रुळावर पुढं मात्र तुमचा पाखऱ्या.

चुकले ते एवढ्यात की वस्तीला न विचारता कुलूप लावलं. ऑफिसमधल्या नकाशावर वस्ती दिसतच नाही, नुसता डोंगर दाखवला आहे. मला दिसायला हवी होती. त्याचं मला फार वाईट वाटतं.

तेजश्री


अहिल्यानगर
२० ऑगस्ट

ती. काका,

उत्तर नाही. फोन बंद आहे. काकूचा फोन लागतो आणि कुणी उचलत नाही. तुमचं रागावणं मी समजू शकते, गप्प बसणं मला सोसत नाही.

एक मार्ग दिसतो आहे. फाटकाऐवजी रस्त्याच्या वस्तीकडच्या टोकाला आडवी लोखंडी कमान उभी करायची. तिच्याखालून माणूस, मोटारसायकल, बैलगाडी जाईल, हायवा जाणार नाही. बोगदा नीट होईपर्यंत तात्पुरती परवानगी मिळू शकते. आमच्याकडच्या नेहमीच्या कमानीची उंची जीपपुरती असते, तिच्याखालून कडब्याची गाडी जायची नाही. म्हणून मला भरलेल्या गाडीची उंची हवी आहे. कुणाही दुसऱ्याकडून मागवू शकते, पण मला तुमच्याकडूनच हवी आहे.

रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की इंजिन येतं.

तेजश्री


माळवस्ती
२७ ऑगस्ट

तेजू बाळ,

मी चंद्रभागा काकू लिवते. बचत गटात सही पुरतं शिकले होते आन मग थोडं थोडं लिवाया लागले. तू हसू नको.

त्यांनी तुजं पत्र वाचलं आन जेवले न्हाईत. मग सिदूकडं गेले. सिदू रडाया लागला, मग समदं बोलला. तिथून तसंच गावात विजयसिंहाकडं गेलते. मी म्हनलं जाऊ नका, ऐकतेत व्हय. म्हनले, दादा, हायवा कुनाचा व्हता? तर त्यो म्हनला, आश्रुबा, तुला मान पायजे का न्हाई तेवडं बोल. हे तसेच माघारी आले. तवापासून घरात पन बोलत न्हाईत. कुनाचा राग हाय मला कळंना. तुजा हाय, त्याचा हाय, का सोताचाच हाय.

आन एक. पाय माजा मुरगळला न्हाई. त्यांचाच मुरगळला. बोगद्यात पान्याखाली दगड व्हता, त्यावरून पडले आन नाकातोंडात पानी गेलं. पाखऱ्याचं शेपूट हातात घावलं म्हनून भायेर आले. तुला कळाया नको म्हनून माज्या नावावर घातलं. माजा गुडगा चांगला हाय, मी लई चालते.

तुला लिवत न्हाईत पर रोज गाडी भरत्यात. कडबा रचायचा, काठी उबी धरायची, काठीला खून करायची आन पुन्ना सगळा कडबा उतरायचा. दुसऱ्या दिवशी म्हनत्यात, काल कमी रचला व्हता. मी म्हनलं कावून येड्यावानी करताव, तर म्हनले, तिला पक्कं लागतंय. ती काठी एसटीच्या डायवरापाशी दिली हाय. स्टँडावर जाऊन घी.

पर पोळ्याला काय करनार ते सांगत न्हाईत. सोमवारी विजयसिंहाचा मानूस झुलीचे पैसे द्याया आला व्हता. यांनी घेतले न्हाईत, पर न्हाई येत आसं बी म्हनले न्हाईत. मला लई भ्या वाटतंय. तू काईतरी कर.

काकू


अहिल्यानगर
३ सप्टेंबर

ती. काका व सौ. काकू,

काठी मिळाली. स्टँडवर ती खांद्यावर टाकून ऑफिसात आले तर शिपाई विचारतो, मॅडम, कुणाला मारायला चाललात?

कमान मंजूर झाली. तुमच्या खुणेच्या वर चार बोटं सोडून आडवा बार टाकला आहे. पोळ्याच्या आधी उभी राहील. बाजूला लहान फाटक राहील, ते दवाखान्याच्या गाडीसाठी. त्याची किल्ली वस्तीतल्या एका माणसाकडे द्यायची आहे. मी काकूचं नाव दिलं. तुमचं दिलं असतं तर तुम्ही रोज कुणाशी तरी भांडला असता.

पोळ्याला इंजिन दुपार कलता येईल. बैलं घेऊन तुम्ही कमानीपर्यंत या, पण मी सांगेन तेव्हाच पुढं निघा. कमानीपासून सडकेपर्यंतचा रस्ता रुळाच्या अगदी जवळून जातो. इंजिनाच्या आवाजानं बैलं बुजली तर उतारावर जातील. मी स्वतः तिथं असणार आहे, लाल झेंडी घेऊन.

काका, पलीकडे विजयसिंह उभे असतील. हलगी वाजत असेल. मान तिकडं आहे हे मला कळतं. तुमच्या वडिलांना लोक हसले होते हेही मी विसरले नाही. तरी इकडच्या रस्त्यानं या. आणखी काय लिहू?

तुमची,
तेजश्री


माळवस्ती
१४ सप्टेंबर

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

इंजिन गेलं, पोळा फुटला, तू साहेबांच्या जीपमध्ये बसलीस आणि गेलीस. पुरणपोळीला पण थांबली नाहीस. तुझ्या वाटणीची पाखऱ्याला घातली. त्यानं खाल्ली आणि तुझी आठवण काढली नाही, हे तुला कळावं.

तू पाहिलंस ते सगळं बाहेरून पाहिलंस. आता आतलं सांगतो. त्या दिवशी सकाळी बैल धुताना पण माझं ठरलं नव्हतं. खरं लिहितो. शिंगं रंगवली, बाशिंग बांधलं, तोवर पलीकडून हलगी सुरू झाली. विजयसिंहाचा माणूस भरावावर उभा राहून हात करत होता. तिथून वेस दिसते. पाखऱ्याला घेऊन नुसतं चढायचं आणि उतरायचं. एवढ्यासाठी आमच्या दोन पिढ्या गेल्या. पाय तिकडंच वळत होते, तेजे.

मग कमानीकडं बघितलं तर वस्तीच्या बायकांनी तिच्यावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलेलं. तुझी काकू पुढं, किल्ली गळ्यात. मला म्हणाली, "आपली वेस हिकडं हाय. तिकडं कुठं निगालाव?"  बैल घेतले आणि कमानीकडं आलो. मागं सगळी वस्ती आली.

तू लाल झेंडी धरून उभी होतीस. मला बघून हसली पण नाहीस. म्हणालीस, "थांबा." काका पण म्हणाली नाहीस. उभ्या जन्मात मी कुणाच्या थांबा म्हणण्यानं थांबलो नाही, तुझ्या काकूला विचार. पण थांबलो. मग ते आलं. आवाजाच्या आधी जमीन कळली. पाखऱ्या असा थरथरला की मी त्याच्या वशिंडावर दोन्ही हात टाकले आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भरावावर कुणी नव्हतं. विजयसिंहाचा माणूस उडी टाकून खाली बाभळीत पडला होता, पागोटं एकीकडं आणि हा एकीकडं. त्याच जागेवर आम्ही असतो. बैलं, पोरं, सगळे.

तू हिरवी झेंडी दाखवलीस. पाखऱ्या पहिला तोरणाखालून गेला. आमचा पोळा तुझ्या झेंडीनं फुटला, माझ्या बापाला हे सांगायला हवं होतं.

गावाच्या वेशीत आम्ही नेहमीसारखे शेवटी गेलो. मला काही वाटलं नाही. वाटलं, थोडंसं वाटलं.

आता दुसरं. काल तुमचा एक ट्रॅकमन चहाला थांबला होता. तो म्हणाला, मॅडमची बदली झाली, लई लांब, वाळवंटात. कमानीची तक्रार वरपर्यंत गेली म्हणे. कुणी केली हे मी विचारलं नाही, मला ठाऊक आहे. तू झेंडी धरून उभी होतीस तेव्हाच बदलीचा कागद तुझ्या खिशात होता ना? पाय मुरगळलेला मी लपवला, तर तू त्याच्याही पुढची निघालीस. माझ्याकडूनच शिकलीस म्हणा.

जाशील तिथं नीट जेव. एक सांगतो, ती पाटी अजून आहे, हा रस्ता सार्वजनिक नाही. परवा उमापूरकडचा कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन आला, कमानीखालून घालायला बघत होता. मी काठी आडवी घातली आणि त्याला ती पाटी मोठ्यानं वाचून दाखवली.

सोबत तोरणाचं एक पान पाठवतो. वाळलंय, सांभाळून उघड.

तुझा काका,
आश्रुबा


कच्छ
१९ नोव्हेंबर

ती. काका आणि सौ. काकू यांस सा. नमस्कार.

पत्र दोन महिने फिरत फिरत आलं. पान निम्मं चुरगळलं आहे, पण देठ शाबूत आहे.

इथं मैलोन्‌मैल नुसते रूळ आणि रुळाच्या कडेचा रस्ता. फाटक नाही, कुलूप नाही, पाटी नाही. अडवायचं कुणाला? जाणारंच कुणी नाही. सुरुवातीला बरं वाटलं, भांडण नाही, तक्रार नाही, हायवा नाही. आता दिवसभर जीपमधून त्या रस्त्यानं हिंडते आणि जीव लागत नाही. कुणीतरी समोर यावं आणि विचारावं, हा रस्ता तुझ्या बापाचा आहे का, असं फार वाटतं. बदलीचं लपवलं, कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी भांडत बसला असता आणि बैलं कमानीकडे आली नसती. तुमचीच पुतणी.

कमानीची परवानगी मार्चपर्यंतच आहे. माझ्या जागी आलेल्या साहेबांना बोगद्याचं मी चार वेळा लिहिलं. तुम्ही पाचव्यांदा लिहा, आणि तुमच्या भाषेत लिहा.

काल संध्याकाळी त्या रिकाम्या रस्त्यावर लांबून काहीतरी हलताना दिसलं. उंटगाडी होती. गवतानं भरलेली, आणि वर एक मुलगी बसलेली. गाडीवान घाबरला, साहेबांची जीप बघून गाडी रस्त्याखाली उतरवायला लागला. मी खाली उतरले आणि म्हणाले, थांबा, खाली घेऊ नका, इथूनच जा. त्याला मराठी कळली नसावी, पण तो गेला. मी जीपला टेकून बघत उभी राहिले. गाडी बरीच पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मघापासून तिची उंची बघते आहे.

आपल्या कमानीखालून गेली असती, काका. मुलगी थोडी वाकली असती तर.

तुमची,
तेजश्री